बाईंचा मका

बाईंचे वडील नक्की काय करत होते, हे मला आजतागायत समजलेलं नाही. कामावर रुजू झाल्या त्या आठवड्यात त्यांनी सांगितलं की ते दातांचे डॉक्टर होते आणि गावातल्या निम्म्या लोकांचे दात त्यांच्या घरी एका बरणीत ठेवलेले असत. महिन्याभराने तेच वडील बस चालवायला लागले. पुढे एकदा, कोळंबीच्या पेटीवरून माझ्याशी हुज्जत चालू असताना, ते समुद्रात बुडून गेलेले निघाले. बाई तेव्हा म्हणे चार वर्षांच्या होत्या. मी म्हटलं, "शेफ, मग बस कोण चालवत होतं?" त्यावर त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "बस ते आधी चालवायचे." आणि परत कोळंबीकडे वळल्या.

तेव्हा मी दुबईतल्या एका मोठ्या हॉटेलात पर्चेस खात्यात होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. शहरात सारखी नवी हॉटेलं उघडत होती आणि प्रत्येकाला शेजाऱ्याकडे नसलेलं रेस्टॉरंट हवं होतं. आमच्या मालकांनी मेक्सिकन ठरवलं. मेक्सिकन म्हणजे आम्हाला जे ठाऊक होतं ते असं: मक्याचे कुरकुरीत त्रिकोण, त्यावर पातळ पिवळं चीज आणि वेटरच्या डोक्यावर टोपलीएवढी टोपी. टोप्यांची ऑर्डर मीच दिली होती. मग थेट मेक्सिको सिटीहून या बाई आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, पायात पुरुषी काळे बूट. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी सांगून टाकलं की टोप्या परत पाठवा, आपण मॉडर्न मेक्सिकन करणार आहोत. जनरल मॅनेजर लेबनीज होता. तो माझ्याकडे बघायला लागला आणि मी माझ्या फायलीकडे. जुनं मेक्सिकन काय असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं, त्यामुळे नवं म्हणजे काय हे विचारायची सोय नव्हती.

टोप्या मी परत पाठवल्या नाहीत. स्टोअरच्या वरच्या फळीवर ठेवून दिल्या. अनुभव म्हणून काही चीज असते.

बाईंचं इंग्रजी तोडकंमोडकं होतं आणि माझं सरकारी पत्रासारखं. मध्ये दोघांच्या कामाचे अरबी शब्द. पण भांडायला तेवढं पुरायचं. पदार्थांचा खर्च काढायचा तर अकाउंट्सवाल्यांना प्रत्येक वस्तूचं वजन लागतं. त्यासाठी छापील तक्ता असतो. बाईंनी पंचवीस पदार्थांचे तक्ते भरून दिले आणि वजनाच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द लिहिला, 'पुरेसं'. मी ते परत घेऊन गेलो तर म्हणाल्या, "बरोबर आहे, मिठाचं चुकलंय." आणि मिठापुढचं 'पुरेसं' खोडून 'जवळजवळ पुरेसं' असं लिहिलं.

त्यांचं जेवण मला झेपायचं नाही हे कबूल करतो. भली मोठी पांढरी ताटली आणि मधोमध तळहाताएवढा हमूर मासा, त्याभोवती काळा रस्सा. त्या रश्शात सहा तऱ्हेच्या मिरच्या, इथलं वाळवलेलं काळं लिंबू, खजूर आणि कडू चॉकलेट. चाखून बघताना आधी तिखट, मग गोड, मग आंबट आणि मग काहीतरी भलतंच. मी विचारलं, "हे तुमच्याकडे असंच करतात?" म्हणाल्या, "काळं लिंबू आमच्याकडे मिळत नाही." मग ते मेक्सिकन कसं, हे मला विचारायचं होतं, पण तोवर त्या निघून गेल्या होत्या.

एखाद्या टेबलावरून त्या चीजवाल्या त्रिकोणांची मागणी आली की बाई स्वतः बाहेर यायच्या. खुर्ची ओढून गिऱ्हाइकाच्या समोर बसायच्या आणि चौकशी सुरू. "ते कुठे खाल्लं होतंत? बरोबर कोण होतं? आता ती व्यक्ती कुठे आहे?" एका इंग्रज गृहस्थाने यावर आपल्या मोडलेल्या संसाराची पाऊण तास कहाणी सांगितली. बाईंनी त्याला काळा रस्सा खाऊ घातला आणि तो नंतर दर मंगळवारी येत राहिला. बाकीचे आले नाहीत. एक मंगळवारवाला आणि चाळीस रिकाम्या खुर्च्या, असं ते रेस्टॉरंट चालू होतं.

माझी आणि बाईंची खरी ओळख झाली ती चुन्यामुळे. त्यांना मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा होता. त्याशिवाय त्याच्या पोळ्या होत नाहीत म्हणे. पांढरा मका मी देरा बाजारातल्या एका आफ्रिकन व्यापाऱ्याकडून पैदा केला. चुना म्हटल्यावर मला जो चुना सुचला तो मी आणला, म्हणजे पानवाल्याकडच्या साठ ट्यूबा. बाईंनी एक ट्यूब पिळून बोटावर घेतली, जिभेला लावली आणि हसत सुटल्या. त्यांना हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही शिकलात काय?"

मी म्हटलं, "बी.एस्सी. अ‍ॅग्री."

त्या उठल्या, ओला हात अ‍ॅप्रनला पुसला आणि माझ्याशी हस्तांदोलन केलं. त्या दिवसापासून मी 'इन्हेनिएरो' झालो. म्हणजे इंजिनिअर. त्यांच्या देशात शेतकी शिकलेल्या माणसाला असंच संबोधतात आणि नावाऐवजी तीच हाक मारतात, असं त्यांचं म्हणणं. वडिलांचा अनुभव असल्यामुळे मी यावर पुरता विश्वास ठेवला नाही. किचनमधली पोरं तर भट्टी बिघडली की मलाच बोलावू लागली. पण खरं सांगायचं तर मला ती हाक फार आवडायची. अकरा वर्षं मी आखातात गोठवलेल्या कोंबड्या आणि टिश्यूपेपर विकत घेत होतो. माझी पदवी मला कोणी विचारली नव्हती, आणि हळूहळू मीही ती विसरत चाललो होतो.

आम्ही राहायचो उम्म अल कुवैनला. लांब पडायचं, पण अर्धं घर आणि मागे वाळूचं अंगण एवढं दुबईत कुठून परवडणार? अंगणात मी वांगी, अंबाडी, कढीलिंब असं काहीबाही लावलेलं होतं. हे बाईंना कळलं मात्र, पुढच्याच शुक्रवारी त्या टॅक्सी करून दारात हजर. पिशवीतून एक लोकरी मोजा काढला. मोज्यात मक्याचं बियाणं होतं, पांढरं आणि मध्येच एखादा निळा दाणा.

"कस्टम्सने सोडलं?" मी विचारलं.

"मोज्यात कोण हात घालतो?"

आमच्या हिने चहा केला. बाईंनी पिशवीतून वाळक्या मिरच्यांचं एक पुडकं काढून तिला भेट दिलं आणि वर त्याची किंमतही सांगितली. त्या गेल्यावर ही म्हणाली, "चाळीस दिरहम? म्हणजे पावणेपाचशे रुपये. अहो, तेवढ्यात वर्षाचा मसाला होतो." दहा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, शी इज सो वीअर्ड. आय लाइक हर."

ऑक्टोबर अखेरीस मी मका लावला. लेंडीखत आणलं, वाफे पाडले, नळी फिरवली. चाळीस ताटं, आणि सगळी तरारून वर आली. मी ऑफिसला जाण्याआधी पहाटे त्यांच्यात उभा राहायचो. बाई दर शुक्रवारी यायच्या, रांगांमधून हिंडायच्या आणि एकच सूचना द्यायच्या. "काय येईल ते येऊ द्या, इन्हेनिएरो. हात लावू नका." हे मला त्यांच्या बाकीच्या बोलण्यासारखंच वाटलं. मिठापुढच्या 'जवळजवळ पुरेसं'सारखं.

कणसांना केस आले तेव्हा त्या एक बाटली आणि गुरांना टोचतात तसली मोठी सिरिंज घेऊन आल्या. बाटलीत गढूळ पाणी. बटाट्याचं पाणी आहे, असं म्हणाल्या. प्रत्येक कणसाच्या शेंड्यात सुई खुपसून त्यांनी ते पाणी आत सोडलं. चाळीसच्या चाळीस ताटं, कोवळ्या उन्हात, एकही न चुकवता.

ही खिडकीतून बघत होती. "अहो, त्या मक्याला इंजेक्शन देतायत."

"टॉनिक असेल."

मुलगी म्हणाली, "बाबा, इज द कॉर्न सिक?"

"नाही गं."

मी बाईंना विचारायला हवं होतं. चार पावलांवर त्या उभ्या होत्या. पण मी शेतकीचा पदवीधर, इन्हेनिएरो. एका स्वयंपाक करणाऱ्या बाईला कसं विचारणार की हे तुम्ही काय टोचताय? त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि मी मान डोलवली, जणू हे आम्हाला दुसऱ्या वर्षालाच होतं. बाईंनीही मान डोलवली.

तिकडे हॉटेलात परिस्थिती अवघड झाली होती. मालकांनी जानेवारीपर्यंत मुदत दिली होती. महिनाअखेरीच्या शनिवारी ते आपले बारा पाहुणे घेऊन जेवायला येणार आणि जेवण पटलं तर बाईंना आणखी एक वर्ष, नाहीतर रेस्टॉरंट बदलणार, असा सरळ हिशेब होता. बाईंनी जनरल मॅनेजरला कबूल केलं होतं की आखातात आजवर कोणी वाढलेला नाही असा एक काळा पदार्थ त्या दिवशी असेल. काय ते सांगितलं नव्हतं. मला एकदा स्टोअरच्या दारात म्हणाल्या, "मी तिकडचं सगळं विकून आलेय, इन्हेनिएरो. हे जमलं तर एक वर्ष. नाही जमलं तर तुमच्या टोप्या." म्हणजे टोप्या वर आहेत हे त्यांना माहीत होतं.

त्या पंधरवड्यात माझी वार्षिक मालमोजणी चालू होती. मी अंधारातच निघायचो आणि अंधारातच परत यायचो. पाणी हीच घालत होती. शुक्रवारी दुपारी बाई कणसं न्यायला येणार होत्या, म्हणून सकाळी मी अंगणात गेलो आणि पहिलंच कणीस सोलून जागच्या जागी बसलो.

काणी होती. मक्यावरचा बुरशीचा रोग. दाण्यांच्या जागी राखाडी, चकचकीत फुगे आलेले असतात आणि ते फुटले की आत काळी भुकटी. दुसरं सोललं, तिसरं सोललं, तेच. चाळीसपैकी एकोणतीस ताटांना. आमचे रोगशास्त्राचे सर सांगायचे की काणी दिसली की विचार करत बसायचं नाही, उपटायचं आणि जाळायचं. ते वाक्य मला वीस वर्षांनंतर त्यांच्या आवाजात ऐकू आलं. लाज तर इतकी वाटली की हिलाही हाक मारवेना. बाईंनी विश्वासाने माझ्या हाती बियाणं दिलं, मला इंजिनिअर म्हटलं आणि माझ्या अंगणात त्यांच्या मक्याला रोग लागला. आता निदान उरलेलं तरी वाचवायचं होतं. एकोणतीस ताटं मी मुळासकट उपटली, कोपऱ्यात रचली आणि रॉकेल ओतून पेटवली. वाचलेली अकरा स्वच्छ कणसं ओल्या फडक्यात गुंडाळून खोक्यात लावली. त्या खोक्याकडे बघून मला बऱ्याच वर्षांनी काहीतरी शिकल्यासारखं वाटत होतं.

बाई बर्फाची पेटी आणि दोन सुऱ्या घेऊन आल्या. खोकं पाहिलं. मग अंगण पाहिलं.

"बाकीची?"

"रोग होता," मी म्हणालो. "वेळेत लक्षात आलं. सगळं जाळून टाकलं. खलास. आता काळजी नाही."

त्या कोपऱ्यात गेल्या, उकिडव्या बसल्या आणि गरम राखेत हात घातला. एक अर्धवट जळालेलं कणीस काढून नाकाशी धरलं. बराच वेळ धरलं. मला वाटलं, रोग कोणता ते तपासतायत. मी मागे उभा राहून त्याचं शास्त्रीय नाव सांगितलं.

"नाव मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे हे मक्यापेक्षा महाग विकतात. कांदा, मिरची घालून परततात. त्या बटाट्याच्या पाण्यात तेच होतं. घरून दंतमंजनाच्या डबीत आणलं होतं."

मला काही वेळ कळेना की त्या कशाबद्दल बोलतायत. जे मी जाळलं तेच पीक होतं आणि जे खोक्यात लावलं ते वाया गेलेलं होतं, हे समजायला एवढा शिकलेला माणूस असून मला चांगली पाच मिनिटं लागली.

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"इन्हेनिएरोला सांगायचं?" बाई म्हणाल्या. "तुम्ही मान डोलवलीत."

ही चहा घेऊन आली. बाईंनी राखेचे हात धुतले, दोन कप चहा घेतला, मुलीला शाळेबद्दल विचारलं. आवाज चढला नाही, काही आपटलं नाही. निघताना ते खोकं उचलून म्हणाल्या, "माझे वडीलही जाळायचे. सरकारी इन्हेनिएरो होते. गावोगाव फिरून जाळायला लावायचे. आई मागच्या दाराने गोळा करून आणायची आणि ते घरी नसताना आम्हाला करून घालायची."

दातांचे डॉक्टर, बसचालक, बुडालेले, आणि आता हे. ही थाप होती की इतक्या थापांनंतर आलेली खरी गोष्ट, ते मला आजही ठरवता येत नाही. टॅक्सी निघून गेली.

शनिवारी मालक आले. बाईंनी अकरा कणसांचं मऊ, पांढरं काहीतरी केलं, त्यावर मासा ठेवला. पाहुण्यांनी खाल्लं. मालकांनी ताटलीकडे पाहिलं आणि विचारलं की तो काळा पदार्थ कुठे आहे. जनरल मॅनेजरने मला बाजूला बोलावून घेतलं होतं, कारण मका माझ्याकडे लावलाय हे त्याला ठाऊक होतं. "हबीबी, तू सांग. काय झालं?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो कोण जाणे. मुलीची शाळा, घराचा करार आणि व्हिसा, तिन्ही एका रांगेत डोळ्यांपुढे येऊन उभे राहिले.

बाई दारातून म्हणाल्या, "पीक आलंच नाही. वाळूत येत नाही ते. चूक माझी."

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. "खरंय?"

मी मान डोलवली.

पंधरा दिवसांत रेस्टॉरंट बदललं. टोप्या मी स्वतः शिडीवर चढून खाली काढल्या. पिवळं चीज महिन्याला दोनशे किलो जाऊ लागलं आणि जागा मिळेना. मंगळवारवाला इंग्रज एकदा आला, दारातून आत पाहिलं आणि परत गेला. माझं वर्षअखेरीचं मूल्यमापन चांगलं झालं.

बाई कुठे निघाल्या आहेत ते प्रत्येकाला वेगवेगळं कळलं होतं. किचनमध्ये सिंगापूर, मॅनेजरला लिस्बन, मला म्हणाल्या घरी. ज्या दिवशी जायचं होतं त्या दिवशी दुपारी, जेवणं आटोपून किचन रिकामं असताना, त्यांनी मला फोन करून खाली बोलावलं. उम्म अल कुवैनहून येताना रोज गाडीत मी माफीचं एक इंग्रजी वाक्य घोकत होतो. ते घेऊनच मी जिना उतरलो.

शेगडी चालू होती. ओट्यावर एक लहानसा पत्र्याचा डबा उघडून ठेवला होता आणि बाई कांदा परतत होत्या. डब्यात काळं काहीतरी होतं. मी ते लगेच ओळखलं.

"हे तुमच्याकडे होतं?" मी म्हटलं. "मग त्या शनिवारी का नाही वाढलंत?"

"डब्यातलं पाहुण्यांना देत नाहीत," बाई म्हणाल्या. "घरच्यांना चालतं. बसा."

त्यांनी ताटली माझ्यापुढे ठेवली आणि समोर खुर्ची ओढून बसल्या. मी पहिला घास घेतला. अळंबीसारखं, भाजलेल्या मक्यासारखं, आणि त्याच्याही खाली काहीतरी गोडसर, जमिनीतलं. फार चांगलं होतं. मी आयुष्यात खाल्लेल्या सगळ्यात चांगल्या गोष्टींपैकी ती एक होती. वाईट निघालं असतं तर मी सुटलो असतो.

"कसं आहे, इन्हेनिएरो?"

ते वाक्य तोंडाशी होतं. बाई माझ्याकडे बघत होत्या, त्यांना घाई नव्हती.

"मीठ थोडं कमी आहे," मी म्हणालो.

बाई उठल्या. मीठ आणून माझ्यापुढे ठेवलं. मी ते घातलं, आणि खारट झालेली ती भाजी त्यांच्यासमोर शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.